शरीरातील पाणी, नळातील पाणी आणि अभियंत्याचे काम
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत डायलिसिस विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



विभागाच्या कामाची आकडेवारी या अहवालात अन्यत्र छापलेली आहे. तिची पुनरुक्ती करून आपला वेळ आम्ही घेणार नाही. आज ज्या विषयावर बोलण्याची अनुमती आम्ही मागितली तो आकडेवारीत मावत नाही. तो विषय आहे पाण्याचा. एक पाणी आपल्या शरीरात फिरते आणि दुसरे आमच्या कक्षामागच्या छोट्या खोलीतील नळ्यांतून फिरते. डायलिसिसच्या चार तासांत ही दोन पाणी एका अतिशय पातळ पडद्याच्या दोन बाजूंना येतात. त्या पडद्याच्या एका बाजूची काळजी डॉक्टर आणि परिचारिका घेतात. दुसऱ्या बाजूची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

आरंभ शरीरापासून करू. ५० किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३० लिटर पाणी असते. त्यातील दोन तृतीयांश, म्हणजे २० लिटर, पेशींच्या आत असते. उरलेल्या १० लिटरपैकी बहुतांश पेशींच्या भोवती, ऊतींच्या फटींत असते, आणि रक्तवाहिन्यांमध्ये रक्तद्रवाच्या रूपाने असते ते जेमतेम अडीच लिटर. हे तीन कप्पे एकमेकांपासून तुटलेले नाहीत. केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी सतत ये-जा करते. हृदयाने निर्माण केलेला दाब ते बाहेर ढकलतो आणि रक्तातील प्रथिने, त्यातही मुख्यतः अल्ब्युमिन, ते परत आत ओढतात. हे तोलाचे गणित इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये मांडले. पायांवर सूज असलेल्या रुग्णाच्या नडगीवर बोट दाबल्यावर खळगा पडतो, तो या तोलाचा बिघाड असतो. प्रथिने कमी पडलेल्या, कुपोषित रुग्णाला सूज लवकर येते याचेही कारण तेच. पाणी आत ओढणारा हात अशक्त झालेला असतो.

या सर्व व्यवस्थेवर देखरेख करणारी दोन मूत्रपिंडे आहेत. आकाराने मुठीएवढी, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दर मिनिटाला त्यांच्यातून जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील जवळजवळ सगळा पुन्हा शोषून घेतात. लघवीवाटे बाहेर पडते ते दीड लिटरच्या आसपास. आपले अडीच-तीन लिटर रक्तद्रव दिवसातून साठएक वेळा धुऊन निघते, असा याचा अर्थ. हे काम दिवसाचे चोवीस तास चालते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, म्हणजे एकूण १६८ तासांपैकी १२ तास चालणारे आमचे यंत्र त्याची बरोबरी करू शकत नाही, हे रुग्णांच्या नातेवाइकांनी मनाशी पक्के धरावे. ज्यांना मूत्रपिंड प्रत्यारोपण शक्य आहे त्यांच्यासाठी तो मार्ग अधिक चांगला, हे आम्ही प्रत्येक कुटुंबाला सांगतो.

आता थोडे इतिहासाकडे वळू, कारण त्याचा आपल्या मागणीशी संबंध आहे. नळीतून द्रव कसा वाहतो हा अभियांत्रिकीचा विषय आहे असे आपण समजतो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पॉयझ्वीचा नियम पाठ करतो. परंतु ज्याँ पॉयझ्वी हे स्वतः फ्रान्समधील वैद्य होते. १८२८ च्या आपल्या प्रबंधात त्यांनी पाऱ्याच्या दाबमापकाने रक्तदाब मोजला, आणि पुढे केशवाहिन्यांतील रक्ताचे कोडे सोडविण्यासाठी काचेच्या बारीक नळ्यांतून पाणी सोडून पाहिले. विसरणाचा नियम १८५५ मध्ये मांडणारे अॅडॉल्फ फिक हेही वैद्यकाचेच पदवीधर. त्यांच्या आधी शंभरहून अधिक वर्षे, १७३३ मध्ये, स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्त आठ फुटांहून उंच चढते हे दाखविले होते. आज ज्याला आपण फ्लुइड मेकॅनिक्स म्हणतो त्याचा एक मोठा झरा असा रुग्णाच्या आणि प्राण्यांच्या शरीरातून फुटला आहे. पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकी यांच्या शाळा वेगळ्या झाल्या. ज्ञान वाढले, पण बोलणे थांबले.

ते बोलणे पुन्हा सुरू झाले की काय घडते याचे उत्तम उदाहरण डायलिसिसच्या यंत्राचेच आहे. ‘डायलिसिस’ हा शब्द स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये रूढ केला. विशिष्ट कागदाच्या पडद्यातून लघवीतील युरिया पलीकडे जातो आणि मोठे रेणू अलीकडेच राहतात, हे त्यांनी दाखविले. पण त्यातून माणसाचा जीव वाचण्यास आणखी ८० वर्षांहून अधिक काळ लागला. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना कांपेन या लहानशा गावी विलेम कोल्फ नावाचे तरुण डॉक्टर काम करीत होते. त्यांनी सॉसेज भरण्यासाठी वापरले जाणारे सेलोफेनचे वेष्टण घेतले, ते लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळले आणि पिंप मिठाच्या द्रावणात फिरते ठेवले. यंत्र बांधायला हात दिला तो गावातील एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्याचे संचालक हेन्ड्रिक बेर्क यांनी. फिरत्या पिंपात रक्त न गळता कसे सोडायचे, या अडचणीचे उत्तर फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपाच्या जोडणीत सापडले. १९४३ पासून कोल्फ यांनी ज्या पहिल्या रुग्णांवर उपचार केले त्यांतील बहुतेक वाचले नाहीत. १९४५ च्या सप्टेंबरात, सतराव्या प्रयत्नात, ६७ वर्षांची एक स्त्री शुद्धीवर आली. युद्धानंतर कोल्फ यांनी आपली यंत्रे इतर देशांतील रुग्णालयांना देऊन टाकली.

या गोष्टीत एक धागा यवतमाळकरांना ऐकायला आवडेल असा आहे. सेलोफेन हे मूळचे वनस्पतीच्या सेल्युलोजपासून बनते. पुढे अनेक दशके डायलिसिसमध्ये सर्वाधिक वापरला गेलेला पडदा क्युप्रोफेन नावाचा होता आणि तो कापसापासून तयार होत असे. कापसाचा लांब धागा जिनिंगमध्ये निघून गेल्यावर सरकीला चिकटून राहणारी जी आखूड लव असते, तीच त्याचा कच्चा माल होती. ज्या जिल्ह्यात कापसाला पांढरे सोने म्हणतात, त्या जिल्ह्यातील किती शेतकऱ्यांना आणि किती अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना हे ठाऊक असेल? आज पडदे बहुधा पॉलिसल्फोनसारख्या कृत्रिम पदार्थांचे असतात. तरीही ते धाग्याप्रमाणेच, बारीक छिद्रांच्या तोटीतून ओढून काढले जातात. मुळात ही वस्त्रोद्योगाची विद्या आहे.

आमच्या कक्षात रुग्णाशेजारी काचेसारखी दिसणारी जी नळकांडी लटकते, तिला डायलायझर म्हणतात. तिच्यात साधारण दहा हजार पोकळ धागे असतात. प्रत्येकाच्या पोकळीची रुंदी मिलिमीटरचा पाचवा भाग. लांबी २५ सेंटिमीटर धरली तर एका नळकांडीतील सर्व धागे एकापुढे एक ठेवल्यास अडीच किलोमीटर भरतील. मिनिटाला २५० मिलिलिटर रक्त त्यात सोडले तरी प्रत्येक धाग्यात रक्ताचा वेग सेकंदाला सव्वा-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त नसतो, आणि रक्ताचा प्रत्येक थेंब धाग्यात सुमारे २० सेकंद राहतो. तेवढ्या अवधीत भिंतीतून युरिया, पोटॅशियम आणि इतर टाकाऊ द्रव्ये पलीकडे जातात. पलीकडे डायलिसिसचे द्रावण उलट दिशेने वाहते, म्हणजे रक्त वरून खाली जात असेल तर द्रावण खालून वर. त्यामुळे धाग्याच्या संपूर्ण लांबीवर दोन्ही बाजूंच्या प्रमाणातील फरक टिकून राहतो. साखर कारखान्यात किंवा औष्णिक वीज केंद्रात उष्णता एका द्रवातून दुसऱ्या द्रवात नेण्यासाठी हीच युक्ती वापरतात. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले तिचे गणित सोडवितात. तीच युक्ती माणसाच्या रक्तासाठी वापरली जाते हे मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगते.

आता नातेवाइकांसाठी. “चार तास कशाला, तीन तासांत आटोपा, आमची गाडी चुकते,” हे आम्हाला वारंवार ऐकावे लागते. उमरखेडहून येणाऱ्या रुग्णाला यवतमाळ शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्याच्यासोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. या अडचणी खऱ्या आहेत आणि आम्ही त्या हलक्या लेखत नाही. परंतु यंत्र पाणी ओढते ते फक्त रक्तवाहिन्यांतील अडीच लिटरांमधून. सूज आहे ती बाहेरच्या कप्प्यात. तेथील पाणी रक्तात परत येण्याचा वेग शरीर ठरविते, यंत्र नव्हे. यंत्राने त्याहून घाईने ओढले की रक्तवाहिन्या रिकाम्या होतात, रक्तदाब कोसळतो, पिंढऱ्यांत गोळे येतात, आणि हृदयाला इजा होते. तासाला प्रत्येक किलो वजनामागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी ओढू नये, असा दंडक आज सर्वसाधारणपणे पाळला जातो. ५० किलोच्या माणसासाठी तासाला ६५० मिलिलिटर, म्हणजे चार तासांत फार तर दोन लिटर ६०० मिलिलिटर. जो रुग्ण दोन भेटींच्या मध्ये चार लिटर वाढवून येतो, त्याचे सगळे पाणी त्या दिवशी सुरक्षितपणे निघूच शकत नाही. तीन तासांत तर दोन लिटरही नाही.

पाणी कमी प्या, एवढे सांगून भागत नाही. यवतमाळच्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणे घरच्यांच्या जिवावर येते. तहानेचे मूळ मात्र मिठात आहे. आठ-नऊ ग्रॅम मीठ शरीरात सुमारे एक लिटर पाणी धरून ठेवते. लोणचे, पापड, ठेचा, फरसाण आणि जेवताना वरून घेतलेले मीठ बंद झाले की तहान आपोआप निम्म्यावर येते, असा आमचा अनेक कुटुंबांतील अनुभव आहे. ताक, पातळ वरण, चहा, टरबूज हे सगळे पाण्यातच मोजावे. दिवसाचे ठरलेले पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवावे आणि त्यातूनच प्यावे. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करावे. कोणत्याही औषधाइतकेच मोल त्या वहीतील आकड्यांना आहे.

हाताच्या फिस्टुलाबद्दलही दोन शब्द. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि अॅपेल या डॉक्टरांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेली ही शस्त्रक्रिया साधी आहे: मनगटाजवळची धमनी शेजारच्या शिरेला जोडणे. त्यामुळे काही आठवड्यांत शीर फुगते आणि तिच्यातून यंत्राला पुरेसे रक्त मिळू लागते. येथे पॉयझ्वींचा नियम कामाला येतो. दाब तोच राहिला तर नळीची त्रिज्या दुप्पट होताच प्रवाह सोळापट होतो. आणि उलट, त्रिज्या थोडी जरी घटली तरी प्रवाह फार मोठ्या प्रमाणात घटतो. म्हणून त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, त्या हाताने भरलेला हंडा किंवा कापसाचे गाठोडे उचलू नये, घट्ट बांगड्या घालू नयेत, त्या कुशीवर झोपू नये. रोज त्या जागी बोट ठेवून थरथर लागते ना, हे पाहावे. थरथर थांबली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात यावे.

येथवर पडद्याच्या रक्ताकडील बाजूची चर्चा झाली. आता दुसऱ्या बाजूकडे येऊ.

निरोगी माणूस आठवड्याला सुमारे १४ लिटर पाणी पितो. ते पोटातून, आतड्यांतून, यकृतातून गाळत-निवडत रक्तात पोहोचते. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त मात्र एकेका खेपेस सुमारे १२० लिटर, म्हणजे आठवड्याला ३६० लिटर पाण्याच्या संपर्कात येते, आणि मध्ये असतो केवळ मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा पडदा. त्या पडद्याला चांगले-वाईट कळत नाही. टाकाऊ द्रव्ये जशी इकडून तिकडे जातात, तशीच पाण्यातील लहान आकाराची विषे तिकडून इकडे येतात. पिण्यास योग्य असलेले पाणी डायलिसिसला योग्य असेलच असे नाही, हे वाक्य आम्ही कक्षाच्या दारावर लावावे असे वाटते.

याची किंमत जगाने मोजलेली आहे. १९७० च्या दशकात पाण्यातील अॅल्युमिनियममुळे अनेक देशांतील रुग्णांना स्मृतिभ्रंश आणि हाडांचे आजार झाले. अमेरिकेत शिकागो येथे १९९३ मध्ये शुद्धीकरणाची निकामी झालेली टाकी वेळेत न बदलल्याने साठलेले फ्लोराइड एकदम पाण्यात उतरले आणि तीन रुग्ण दगावले. सर्वांत भीषण प्रसंग ब्राझीलमधील कारुआरु येथील. १९९६ साली तेथे पाणीटंचाई होती. डायलिसिस केंद्राला जलाशयाचे पाणी टँकरने, पुरेशी प्रक्रिया न होता, येत होते. त्या जलाशयातील नील-हरित शैवालाचे विष पाण्यातून रुग्णांच्या रक्तात गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन मृत्यू पावले. यंत्रे ठीक होती, डॉक्टर हजर होते. दोष पाण्यात होता.

टंचाई, जलाशय, टँकर हे शब्द यवतमाळला अपरिचित नाहीत. शहराची तहान अनेक वर्षे निळोणा आणि चापडोह या धरणांनी भागविली. २०१८ च्या उन्हाळ्यात ती आटल्यावर शहराने काय सोसले ते आपणा सर्वांना स्मरत असेल. धरण तळाला जाते तेव्हा पाण्यातील क्षार आणि शैवाल दोन्ही वाढतात. पाणी निर्जंतुक करण्यासाठी क्लोरीन अधिक सोडले जाते, आणि पिणाऱ्याला हितकर असलेला तोच क्लोरीन डायलिसिसच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी फोडतो. नळाचे पाणी नाही म्हणून कूपनलिकेकडे वळावे, तर केळापूर, झरी-जामणी या तालुक्यांतील अनेक कूपनलिकांत फ्लोराइड आहे. दातांवरचे डाग आणि वाकलेली हाडे त्याची साक्ष देतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड नाइलाजाने चालवून घेतले जाते. डायलिसिसच्या पाण्यात मर्यादा आहे ०.२ मिलिग्रॅम. क्लोरीनची एकूण मर्यादा ०.१ मिलिग्रॅम, अॅल्युमिनियमची ०.०१.

हे साधण्यासाठी कक्षामागच्या खोलीत पाणी क्रमाने वाळूच्या गाळणीतून, मऊ करणाऱ्या टाकीतून, कोळशाच्या टाक्यांतून आणि शेवटी उलट परासरणाच्या, म्हणजे आरओच्या, पडद्यातून जाते. क्लोरीन पकडण्याचे काम कोळसा करतो आणि त्यासाठी पाण्याने त्याच्या सहवासात पुरेशी मिनिटे राहावे लागते. एकच टाकी असेल आणि ती थकली तर तिच्यामागे कोणी नाही. म्हणून एकामागोमाग दोन टाक्या असाव्यात आणि दोहोंमधून नमुना घेऊन रोज, पहिला रुग्ण यंत्राला जोडण्यापूर्वी, तपासावा. शुद्ध झालेले पाणी नळ्यांतून सतत फिरते राहिले पाहिजे. जेथे नळी आंधळ्या गल्लीसारखी संपते तेथे पाणी थबकते, नळीच्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर धरतो, आणि त्यांचे विष रुग्णाला थंडी वाजून ताप येण्याच्या रूपाने प्रकट होते. पहिल्या तासात रुग्णाला हुडहुडी भरली तर आमची नजर रुग्णाकडे जाते तशीच त्या नळ्यांकडेही गेली पाहिजे.

आरओ जितके पाणी शुद्ध करतो, जवळजवळ तितकेच तो बाजूला टाकतो. एका पाळीत पाच यंत्रे चालली तर ६०० लिटर शुद्ध पाणी लागते, म्हणजे १,२०० लिटर कच्चे पाणी, धुण्याचे वेगळेच. टंचाईच्या जिल्ह्यात ६०० लिटर गटारात सोडणे हा आमच्या मते अपराध आहे. हे पाणी खारट असले तरी जंतुमय नसते. फरशी, शौचालये आणि कपड्यांची पहिली धुलाई यांसाठी ते चालते. त्यासाठी लागते फक्त एक वेगळी टाकी आणि वेगळी नळी.

आता मूळ विनंती. आपल्या दानशूरतेमुळे या विभागाला यंत्रे मिळाली. प्रत्येक यंत्रावर देणाऱ्याचे किंवा त्याच्या दिवंगत आप्ताचे नाव आहे, आणि ते असावेच. त्या नावामागे एका कुटुंबाचे दुःख आणि औदार्य आहे. पण कोळशाच्या टाकीवर आजवर कोणी नाव मागितलेले नाही. नळीला देणगीदार मिळत नाही. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम घोषित झाला, राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. खेपेचा खर्च उचलण्यास त्यांची मदत होते. मागच्या खोलीचा खर्च संस्थेलाच उभा करावा लागतो. या वर्षी नवीन यंत्र घेण्याचा मोह टाळावा आणि तो निधी पाण्याकडे वळवावा, असे विभागाचे एकमताने म्हणणे आहे. प्रतीक्षा यादीतील कुटुंबांना हे कठोर वाटेल, याची आम्हाला जाणीव आहे. परंतु पाणी अपुरे असताना वाढविलेले यंत्र आधीच्या सर्व रुग्णांच्या सुरक्षिततेतून वाटा मागते.

दुसरी विनंती माणसाची आहे. पाण्याच्या खोलीला वारस नाही. डॉक्टरला रुग्ण सोडून येता येत नाही, तंत्रज्ञाला यंत्रे सोडून येता येत नाही, आणि कंपनीचा माणूस नागपूरहून दीडशे किलोमीटर येईपर्यंत दिवस जातो. येथे एक पूर्णवेळ अभियंता हवा. तो जैववैद्यकीय शाखेचाच असावा असा आमचा आग्रह नाही. ज्याला पंप, दाब, प्रवाह आणि क्षारता मोजता येते, आणि ज्याला वही नियमित लिहिण्याचा कंटाळा नाही, असा यंत्र किंवा रसायन शाखेचा पदवीधर आम्ही सहा महिन्यांत तयार करू.

असे तरुण आपल्याच जिल्ह्यात आहेत. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आणि यवतमाळची जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९९६ पासून येथील मुलामुलींना शिकवीत आहे. शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटाला प्रकल्प करावा लागतो. त्यांतील बरेच प्रकल्प बाजारातून सुटे भाग आणून जोडले जातात आणि परीक्षेनंतर अडगळीत जातात, हे शिक्षकही मान्य करतील. त्यापेक्षा आमच्या खोलीतील क्षारतेची दर पाच मिनिटांनी आपोआप नोंद करणारे उपकरण, वीज गेल्यास आणि दाब घसरल्यास वाजणारी घंटा, बाजूला टाकलेल्या पाण्याच्या टाकीचा आराखडा, चाकाच्या खुर्चीसकट रुग्णाचे वजन करणारा स्वस्त काटा, हे प्रकल्प का होऊ नयेत? वीज गेली की रक्ताचा पंप हाताने फिरवून रुग्णाचे रक्त त्याला परत द्यावे लागते. त्या हॅन्डलला हात लावून पाहिलेला विद्यार्थी पंपाचा धडा विसरणार नाही.

महाराष्ट्रात याला चांगला आधार आहे. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने उभे राहिले, आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याची जोडकेंद्रे झाली. डॉक्टरने अडचण सांगायची, अभियंत्याने ती रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून पाहायची आणि मग उपकरण घडवायचे, ही त्यांची पद्धत. त्याच आयआयटीत प्राध्यापक जयेश बेल्लारे यांनी डायलिसिसच्या पोकळ धाग्यांवर संशोधन केले आहे. जी वस्तू आपल्याकडे दीर्घकाळ मुख्यतः परदेशातून येत राहिली, ती येथे बनावी हा त्यामागचा एक उद्देश आहे. संशोधन मुंबईत होईल. पण कोणत्या पाण्यावर, कोणत्या उन्हाळ्यात आणि कोणत्या विजेवर ते टिकले पाहिजे हे यवतमाळनेच सांगावे लागेल.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही कामांचा क्रम ठेवला आहे. पहिले, कोळशाची दुसरी टाकी आणि रोजच्या क्लोरीन तपासणीचे साहित्य. हे उन्हाळा सुरू होण्यापूर्वी व्हावे. दुसरे, नळ्यांचे फेरे बदलून आंधळी टोके काढणे आणि बाजूला पडणाऱ्या पाण्याची टाकी. तिसरे, अभियंत्याचे पद, निदान तीन वर्षांच्या वेतनाच्या तरतुदीसह, म्हणजे येणारा माणूस दर वर्षी दुसरीकडे डोळे लावून बसणार नाही. चौथे, दोन्ही महाविद्यालयांशी लेखी करार. सविस्तर अंदाजपत्रक कोषाध्यक्षांकडे दिलेले आहे. सभा संपल्यावर ज्यांना मागची खोली पाहायची असेल त्यांनी आमच्यासोबत यावे; पादत्राणे मात्र बाहेर काढावी लागतील, आणि जागा लहान असल्याने एका वेळी पाच-सहा जणांनाच आत जाता येईल.